माड, सुंभ आणि कोनफळ

संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात मुंबईच्या भाजीबाजारात एक जुना घोटाळा दरवर्षी नव्याने होतो. उंधियूच्या तयारीला लागलेली सुरती गृहिणी ‘रतालू’ मागते आणि नवखा भाजीवाला तिच्या पिशवीत रताळी टाकू लागतो. तिला हवे असते जांभळ्या गराचे, मातकट खरबरीत सालीचे, धड गोल ना धड लांब असे कोनफळ. रताळ्याला ती शक्करिया म्हणते. अमेरिकेतल्या दुकानांत हाच गोंधळ उलट्या बाजूने चालतो. तिथे केशरी गराचे रताळे ‘याम’ म्हणून सर्रास विकले जाते आणि खरा याम, म्हणजे कोनफळाचा गोतावळा, गिऱ्हाइकांच्या गावीही नसतो.

या दोघांत जवळचे नाते मुळीच नाही. रताळे गणेशवेलीच्या कुळातले, अमेरिकेतून आलेले. कोनफळ डायोस्कोरिया या वंशातले. पहिल्या शतकातल्या डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याची आठवण या नावात आहे आणि जगभरात या वंशाच्या सहाशेहून अधिक जाती आहेत. त्यांतल्या बहुतेकांची पाने बदामाच्या आकाराची, जाळीदार शिरांची असतात, त्यामुळे पाहणारा फसतो. पण ही सगळी मंडळी एकदल वनस्पतींतली. म्हणजे कोनफळ बटाट्यापेक्षा गवताला आणि कांद्याला जवळचे. कोकणात ते ज्या माडाच्या आधाराने चढते तो माडही एकदलच.

कोकणच्या परसात या वंशातले तिघे हमखास भेटतात. पहिले कोनफळ. त्याचे खोड चौकोनी असते आणि चारही कडांना पातळ झालर असते, पाने समोरासमोर. जमिनीखाली एक-दोन मोठे कंद धरतात. दोन-चार किलोंचा कंद नेहमीचा; जमीन भुसभुशीत आणि नशीब जोरावर असेल तर एकट्या माणसाला उचलता येणार नाही असाही निघतो. दुसरा करांदा. त्याचे खोड गोल आणि पाने एकाआड एक. त्याची गंमत अशी की कंद जमिनीखालीच नव्हे, वर पानांच्या बेचक्यांतही लागतात, आणि खाण्यासाठी गोळा होतात ते मुख्यतः हे हवेतले कंद. तिसरी कणगी किंवा काटेकणगी. तिला बटाट्याएवढ्या कंदांचा घोसच लागतो आणि भोवती काटेरी मुळांचे कुंपण असते. रानडुक्कर आणि साळिंदर यांच्या तावडीतून जे काही वाचते त्यात या काट्यांचा वाटा असावा. शिवाय रानात शेंडवेल असते, हाताच्या पंजासारख्या पाच पर्णिकांची. तिच्या फुलोऱ्याची भाजी पाऊस उतरणीला लागला की होते.

कोनफळ मूळचे आग्नेय आशिया आणि न्यू गिनी या पट्ट्यातले मानतात. खरीखुरी रानटी झाडे आज कुठेही सापडत नाहीत, इतके ते माणसाच्या आहारी गेले आहे. दर्यावर्दी लोकांनी ते होड्यांतून पॅसिफिक बेटांवर नेले आणि उलट दिशेला मादागास्करलाही. कारण साधे होते. काढलेला कंद दोन-तीन महिने झोपून राहतो, कोंब फुटत नाही, सडत नाही. समुद्रावर इतका शहाणा प्रवासी दुसरा कोणता मिळणार?

मात्र या साऱ्या कुळाची एक अडचण आहे. यांना स्वतःच्या बळावर उभे राहता येत नाही. कोनफळाच्या लागवडीतले सगळे कसब कंदापेक्षा त्याच्या शेजाऱ्यांभोवती फिरते: वर कोणी धरायचे, खाली जमीन कोणी झाकायची, आणि कोणी कोणाचे अन्न खायचे नाही.

काकडी, दोडका, पडवळ यांना तणावे असतात. हाताला लागेल ती काडी धरून ती चढतात. कोनफळाला तणावे नाहीत. त्याचे अख्खे खोडच आधाराभोवती पिळत जाते. या पिळाची दिशाही ठरलेली आहे. कोनफळ ज्या दिशेने वळते त्याच्या नेमके उलट करांदा आणि कणगी वळतात, आणि पानांआधी नुसत्या पिळावरून वेल ओळखणारी जाणती माणसे गावोगाव आहेत. उत्साहाच्या भरात एखाद्याने कोवळा कोंब काठीभोवती उलटा गुंडाळला तर तो तसा राहत नाही. सुटतो आणि पुन्हा आपल्या वळणावर जातो.

पिळून चढणाऱ्या वेलीला बारीक आधार लागतो. माडाचे खोड तिच्या मिठीत मावत नाही. म्हणूनच ‘माडावर वेल सोडली’ असे म्हटले तरी प्रत्यक्षात वेल चढते ती सुंभावर. खड्ड्याशी एक खुंटी ठोकायची, तिथून सुंभ तिरका नेऊन माडाला माणसाच्या डोक्याच्या वर बांधायचा, की झाला जिना. सुंभ म्हणजे त्याच माडाच्या सोडणाचा काथ्या. पावसाळाभर तो टिकतो, खरखरीत असल्याने वेल घसरत नाही, आणि हंगाम संपला की तिथेच कुजला तरी हळहळ नाही. नायलॉनची दोरी यातले पहिलेच काम करते.

माड हा शेजारी म्हणून का चांगला, याचे उत्तर मुळांत आहे. केरळमधील कासरगोडच्या केंद्रीय बागायती पीक संशोधन संस्थेची सुरुवात १९१६ साली नारळ संशोधन केंद्र म्हणून झाली. नारळाच्या मुळांचा तिथे झालेला अभ्यास शेतकऱ्यांच्या फार उपयोगी पडला आहे. माडाची बहुतेक कामाची मुळे बुंध्यापासून साधारण दोन मीटरच्या वर्तुळात असतात. दोन माडांत साडेसात मीटर अंतर ठेवले तर बागेतली सुमारे तीन चतुर्थांश जमीन माड वापरतच नाही. कोनफळाचे खड्डे या मोकळ्या पट्ट्यात घ्यायचे, बुंध्याला चिकटून नव्हे. घराघरांत अजूनही बुंध्यालगतच कंद पुरला जातो आणि मग ‘यंदा पोसला नाही’ अशी तक्रार होते.

दुसरा प्रश्न उन्हाचा. माड लहान, म्हणजे सात-आठ वर्षांपर्यंतचा असतो तेव्हा बागेत ऊन भरपूर असते. त्यानंतर झावळ्या पसरतात, खाली दाट सावली होते आणि पंचविशीपर्यंत आंतरपिकांचे हाल असतात. पुढे खोड उंच जाते आणि ऊन पुन्हा तिरपे का होईना, जमिनीवर उतरते. आजोबांनी लावलेल्या माडांखाली नातवाचे कोनफळ चांगले पोसते ते यामुळे. रत्नागिरीजवळ भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने ‘लाखी बाग’ नावाने जी मिश्र बाग रूढ केली, तिच्यात माडाखाली जायफळ, दालचिनी, मिरी अशी मसाल्याची झाडे येतात. गोव्यातली कुळागरे तर पिढ्यान्‌पिढ्या अशीच मजल्यामजल्यांची: वर माड आणि पोफळी, पोफळीवर मिरवेल, मध्ये केळी, खाली अननस आणि कंद. कोनफळ या रचनेत कोणाचीही जागा न अडवता बसते.

लागवडीचा हिशेब असा. सुमारे ४५ सेंटीमीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा, दोन खड्ड्यांत ९० सेंटीमीटर अंतर. खड्ड्यात शेणखत आणि वरची माती भरून लहानशी वरळी करायची, म्हणजे जांभ्या दगडाच्या उथळ जमिनीतही कंदाला उतरायला मऊ जागा मिळते. बियाणे म्हणजे कोनफळाचे २५० ते ३०० ग्रॅमचे तुकडे. कणगीचा मात्र अख्खा लहान कंद पुरतो. बटाट्यासारखे डोळे कोनफळावर नसतात. सालीखालच्या थरात कुठेही नवा कोंब तयार होऊ शकतो. पण वेलीकडचा, म्हणजे डोक्याचा भाग सर्वांत आधी फुटतो आणि बुडखा सर्वांत शेवटी. डोके आणि बुडखा शेजारी-शेजारी लावले तर एक वेल सुंभावर पोचते तेव्हा दुसरी अजून जमिनीत असते, आणि पहिलीच्या सावलीत ती कायमची मागे पडते. तुकडे वेगवेगळ्या ओळींत लावले की हा वाद मिटतो. कापलेल्या बाजूला राख चोळून ती सावलीत सुकू देतात.

मेअखेरीस, मृगाच्या आधी लावणी होते. त्या वेळी जमीन तव्यासारखी तापलेली असते, म्हणून पुरलेल्या तुकड्यावर पालापाचोळ्याचे जाड आच्छादन घालणे हे खतापेक्षाही महत्त्वाचे. कोंब बाहेर आला की त्याची घाई पाहण्यासारखी असते. आधी पाने नाहीतच. नुसता जांभळट दोरा मीटर-मीटर वाढतो आणि धरायला काहीतरी शोधत हवेत झुलतो. हा सगळा खर्च आईच्या, म्हणजे पुरलेल्या तुकड्याच्या खात्यातून चाललेला असतो. या पंधरवड्यात सुंभ हाताशी मिळाला नाही तर दोरा जमिनीवर लोळतो, पाने चिखलाला टेकतात, करपा धरतो. कोनफळाला करपा फार छळतो, आणि वेल हवेत उंच राहणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय.

खालच्या मजल्यावरचे शेजारी निवडताना जरा सावध असावे, कारण ‘सोबतीची पिके’ या विषयावर गोड गैरसमज बरेच आहेत. चवळी लावली की ती हवेतला नत्र धरून शेजारच्या कोनफळाला भरवते, असे सरसकट सांगितले जाते. चवळीच्या मुळांवरच्या गाठीतले जिवाणू नत्र धरतात हे खरे, पण जिवंत चवळी तो बहुतेक स्वतःच वापरते. शेजाऱ्याला खरा लाभ होतो तिची मुळे आणि पाला कुजल्यावर. म्हणून शेंगा तोडून झाल्या की चवळी उपटून फेकायची नाही. कापून खड्ड्यांवर पसरायची, मुळे जमिनीतच ठेवायची. ऑगस्टपासून दिवस जाणवण्याइतके लहान होऊ लागतात आणि कंद भरू लागतो. चवळीचा पाला नेमका त्याच सुमारास कुजत असतो. झेंडूचेही तसेच. त्याच्या मुळांतील द्रव्यांमुळे मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी कमी होतात हे सिद्ध आहे, मात्र ते दाट पीक घेतल्यावर. कोपऱ्यात चार रोपे लावून काही होत नाही. दसऱ्याला तोरण होते, एवढे खरे.

पश्चिम आफ्रिकेत ही सोबत फार विचाराने जुळवलेली दिसते. जगातल्या यामपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक त्या पट्ट्यात पिकतो आणि एकट्या नायजेरियाचा वाटा जवळजवळ दोन तृतीयांश आहे. तिथला मुख्य याम पांढऱ्या गराचा, कोनफळाचा आफ्रिकी चुलतभाऊ. मातीच्या मोठ्या वरळ्यांवर याम, मधल्या जागेत मका आणि भेंडी, आणि जमिनीवर पसरणारा एगुसी. हा कलिंगडाच्या कुळातला वेल. त्याचा गर कोणी खात नाही, बिया खातात, आणि त्याची पाने तणाला डोके वर काढू देत नाहीत. जिथे झाडे विरळ तिथे ज्वारीच्या जुन्या ताटांवरही याम चढवतात. तिथल्या इग्बो समाजात नव्या यामाचा सण होतो. त्याआधी नवा कंद खायचा नाही. चिनुआ अचेबे यांच्या १९५८ च्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ या कादंबरीत पुरुषाची पत त्याच्या यामांच्या कोठारावरून ठरते.

पण तिथेही आधाराच्या काठ्या हीच डोकेदुखी आहे. दर वेलीला काठी, दर काठीला एक झाड आणि एक मजूर. यातून मार्ग म्हणून जिवंत आधार आले. गिरिपुष्पाच्या फांद्या रोवल्या की मुळे धरतात, वाढतात, आणि ते शेंगावर्गीय झाड असल्याने त्याचा छाटलेला पाला उत्तम हिरवळीचे खत होतो. कोकणात हे झाड बांधाबांधांवर आहेच, भातखाचरात त्याचा पाला तुडवलाही जातो; त्याच्यावर कोनफळ सोडण्याची कल्पना मात्र फारशी कोणी मनावर घेतलेली नाही. त्याला ‘उंदीरमारी’ असेही म्हणतात. नावावर विसंबून घुशी पळतील अशी आशा करू नये.

तिरुअनंतपुरमजवळ श्रीकार्यम येथे १९६३ मध्ये केंद्रीय कंद पीक संशोधन संस्था स्थापन झाली. तिच्या बऱ्याच वाणांची नावे ‘श्री’ने सुरू होतात. कोनफळात ‘श्री कीर्ती’ आणि ‘श्री रूपा’, कणगीत ‘श्री लता’ आणि ‘श्री कला’. याच संस्थेने पांढऱ्या यामात ‘श्री धन्या’ नावाचा बुटका, झुडपासारखा वाण काढला, ज्याला आधाराची गरजच नाही. शेताच्या हिशेबात हे मोठेच काम. परसातल्या माणसाला मात्र त्याचे कौतुक थोडे कमी वाटेल, कारण त्याच्याकडे जमीन अपुरी असते, आभाळ नव्हे.

शेजार बिघडला तर काय होते, ते फ्लोरिडाने पाहिले. १९०५ मध्ये तिथे करांदा पोचला. हवेतले कंद गळून पडायचे, प्रत्येकाची नवी वेल व्हायची, आणि बघता बघता वेलींनी रानेच्या राने पांघरुणासारखी झाकून टाकली. खाणारे कोणी नव्हते; तिथला करांदा कडूही आहे. शेवटी नेपाळ आणि चीनमधून आणलेला, फक्त करांद्याची पाने खाणारा एक लाल भुंगेरा २०११ च्या सुमारास रानात सोडावा लागला. कोकणात ते काम आजीची परडी करते.

आपल्याकडे एक गोष्ट पथ्यावर पडते: या वेली दरवर्षी मरतात. दिवाळीनंतर कोनफळाची पाने पिवळी पडू लागतात आणि डिसेंबरात सुंभावर नुसत्या वाळक्या काड्या उरतात. परसातल्या रायवळ आंब्यावर चढलेली वेल पावसाळ्यात त्याच्या फांद्यांवर पसरते, पण मोहर यायच्या वेळी तिने ऊन मोकळे केलेले असते. हापूसचा बागायतदार हे चालवून घेणार नाही, आणि त्याचे बरोबर आहे. त्याला प्रत्येक फांदीचा हिशेब असतो.

खणताना पहार लांबून घालायची. जखम झालेला कंद टिकत नाही, तो त्याच दिवशी चुलीवर जावा. ताजे कोनफळ चिरताना हात चिकट होतात आणि पुष्कळांना खाजही सुटते. म्हणून हाताला खोबरेल लावतात. कच्चे खायची ही गोष्ट नव्हे. रानातली तीन पर्णिकांची जात, डायोस्कोरिया हिस्पिडा, तर विषारी आहे. तिच्यातल्या डायोस्कोरिनमुळे जीव जाऊ शकतो. तरीही अनेक आदिवासी समाज ती खातात: पातळ चकत्या करून, राख लावून, वाहत्या पाण्यात दिवस-दिवस ठेवून. ही विद्या ऐकून शिकायची नाही. ज्यांच्या घरात ती आहे त्यांच्याकडेच राहू द्यावी. रानकरांद्याचा कडूपणाही राखेच्या पाण्यात उकडून काढतात.

कोनफळात सुमारे सत्तर टक्के पाणी, पंचवीस-अठ्ठावीस टक्के पिठूळ भाग आणि पोटॅशियम भरपूर, शंभर ग्रॅमला आठशे मिलिग्रॅमच्या आसपास. प्रथिने मात्र दीड-दोन टक्केच. म्हणजे ताटातही त्याला शेजारी लागतो, आणि स्वयंपाकघरांनी तो कधीच शोधून ठेवला आहे. उंधियूत कोनफळाबरोबर सुरती पापडी असते. सुरतेत डुमसच्या किनाऱ्यावर मिळणाऱ्या कंदपुरीत त्याच्या चकत्यांना बेसनाचे पांघरूण आणि वर भरडलेली मिरी-धने. वसई-पालघर पट्ट्यातल्या वाडवळांच्या उकडहंडीत कोनफळ, करांदे, रताळी, वांगी आणि वालाच्या शेंगा एकाच मडक्यात थरांनी भरतात, तोंड पाल्याने गच्च बंद करतात आणि थेंबभर पाणी न घालता वाफेवर शिजवतात. कंदाला मऊ करते ते शेजारच्या भाज्यांचे पाणी. या हंडीत शिजलेला जांभळा तुकडा वालाचा वास धरून असतो, आणि वालाच्या दाण्यांना कोनफळाचा किंचित रंग.

गोव्यात आणि दक्षिण कोकणात कोनफळाचे काप आवडतात. अर्ध्या बोटाएवढ्या जाडीच्या चकत्या करून त्यांना मीठ, तिखट, हळद आणि आगळ, म्हणजे कोकमाचा आंबट रस, लावायचा. आगळ चवीसाठी तर आहेच, आंबटामुळे घशाची खवखवही कमी होते असा जुना अनुभव आहे. मग रव्यात घोळवून तव्यावर मंद आचेवर. आच मोठी झाली तर बाहेरून करपतात आणि आत कडकड वाजतात. पांढऱ्या कोनफळाचे काप अधिक खुसखुशीत होतात, जांभळ्याचे दिसायला देखणे. हे मत घराघरांत वेगळे असू शकते.

कणगीचे कौतुक मात्र साधे. मिठाच्या पाण्यात सालीसकट उकडायची आणि हाताला चटका बसत असतानाच सोलायची. गार झाली की साल धरून बसते.